आखाती रुपयाची सात वर्षं

दहा रुपयांची एक नोट. अशोकस्तंभ आहे, रिझर्व्ह बँकेचं नाव आहे, गव्हर्नर अय्यंगारांची सही आहे. फक्त रंग लाल, आणि क्रमांकाच्या आधी इंग्रजी 'झेड' हे अक्षर. 1959 साली ही नोट घेऊन कोणी मुंबईत भाजी आणायला निघाला असता, तर भाजीवाल्याने ती हातातसुद्धा धरली नसती. दुबईच्या बाजारात मात्र ती बिनबोभाट चालायची. किंबहुना तिथे चालावी आणि इथे चालू नये, एवढ्यासाठीच ती छापली होती.

कुवेत, बहरीन, कतार आणि आज संयुक्त अरब अमिरातीत असलेली संस्थानं यांचं रोजचं चलन तेव्हा भारतीय रुपया हेच होतं. ब्रिटिशांचा अंमल हे त्याचं एक कारण, मुंबईचा मोत्यांचा बाजार हे दुसरं. आखातातले मोती मुंबईत विकले जायचे, आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, मसाले जायचे. 1930 च्या सुमारास जपानी कृत्रिम मोत्यांनी तो धंदा बसवला, पण रुपया राहिला. 1947 नंतरही राहिला. एका पौंडाला 13⅓ रुपये, म्हणजे 13 रुपये 5 आणे 4 पै, हा दर 1927 पासून ठरलेला होता. मुंबईत तोच आणि मनामातही तोच.

घोटाळा झाला तो सोन्यामुळे. आंतरराष्ट्रीय बाजारात सोनं 35 डॉलर औंस, म्हणजे तेव्हाच्या 4.76 रुपयांच्या डॉलरने तोळ्याला साधारण साडेबासष्ट रुपये. स्वतंत्र भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी आणि लग्नसराई तर थांबत नाही, त्यामुळे पन्नाशीच्या दशकाअखेर मुंबईत तोळ्याचा भाव शंभराच्या वर. दहा तोळ्यांचं एक बिस्किट दुबईत सव्वासहाशेला पडायचं आणि मुंबईत हजाराच्या पुढे जायचं. दुबईत सोन्याच्या व्यापारावर बंधन नव्हतं. तिथे हा धंदा राजरोस होता. बिस्किटं अंगातल्या जाकिटाच्या शिवलेल्या खिशांत भरायची, गलबत किंवा लाँच पश्चिम किनाऱ्याला लावायची, आणि मोबदल्यात रुपयांच्या नोटा घेऊन परत फिरायचं.

इथपर्यंत ही नेहमीची तस्करी. खरी मेख पुढे होती. त्या नोटा आखातातल्या बँकांत जमा व्हायच्या, बँका त्या मुंबईला रिझर्व्ह बँकेकडे पाठवायच्या आणि बदल्यात पौंड मागायच्या. नोटा अस्सल, दर ठरलेला, नाही म्हणायला जागाच नव्हती. म्हणजे चोरून आलेल्या सोन्याचं बिल शेवटी भारत सरकारच परकीय चलनात भरत होतं! दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत परकीय गंगाजळी झपाट्याने आटत असताना ही गळती परवडणारी नव्हती.

मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. मे 1959 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती झाली आणि आखातासाठी वेगळ्या नोटा निघाल्या. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात छापलेल्या या नोटांत एक रुपयाची लाल, पाचाची नारिंगी, दहाची लाल आणि शंभराची हिरवी. किंमत भारतीय रुपयाइतकीच, पण भारताच्या हद्दीत त्या चालायच्या नाहीत. मुंबईहून बोटीने जेद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंसाठी 'हज' असं छापलेल्या दहा आणि शंभराच्या नोटाही निघाल्या.

ठिगळ म्हणून योजना चोख होती. मुंबईत सोन्याच्या बदल्यात मिळालेल्या साध्या नोटा आखातात नेऊन आता पौंड मिळेनात. पण सोनं यायचं थांबलं नाही, कारण भावातली तफावत तशीच होती. मोरारजींनी मग 1963 च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आणून 14 कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी घातली. त्याचा फटका तस्करांपेक्षा गल्लीबोळातल्या सोनारांनाच बसला.

दरम्यान आखातात तेलाचा पैसा येऊ लागला होता. कुवेतने 1 एप्रिल 1961 ला आपला दिनार काढला: एका पौंडाचा एक, म्हणजे 13⅓ रुपयांचा. हिशेब सुटसुटीत, एका रुपयाला 75 फिल्स. बहरीनने 1965 मध्ये दहा रुपयांचा एक दिनार केला. हे दोघे वेळेवर सुटले.

6 जून 1966 ला इंदिरा गांधींच्या सरकारने, सचिंद्र चौधरी अर्थमंत्री असताना, रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर 4.76 वरून 7.50 रुपयांवर गेला, पौंड 13⅓ वरून 21 वर. आखाती रुपयाही त्याच दोरीने बांधलेला. दोह्यातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या पेटीत शंभर रुपये असतील, तर त्यांचे साडेसात पौंड होत होते. आता पावणेपाचच्या आसपास होऊ लागले. त्याचं सरकार नाही, त्याचं मतदान नाही, निर्णय दिल्लीचा. कुठल्याही शेखाला हे रुचणं शक्य नव्हतं.

कतार आणि दुबई यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये सामाईक चलनाचा करार केला होता. तो रियाल छापून येईपर्यंत त्यांनी सौदी रियालवर वेळ भागवली. सप्टेंबरमध्ये स्वतःचा रियाल आला, जुन्या, अवमूल्यनाआधीच्या रुपयाच्या जवळपास बरोबरीचा. अबू धाबीने बहरीनचा दिनार घेतला. ओमानमध्ये मात्र आखाती रुपया 1970 पर्यंत टिकला.

अमिरातींचा संघ झाल्यावर मे 1973 मध्ये दिरहम आला, तो कतार-दुबई रियालच्या बरोबरीने. तोवर भारतीय रुपया इतका खाली आला होता की दिरहमला दोनच्या आसपास रुपये पडत. 2024 मध्ये बावीस-तेवीस पडत होते. दिरहम फार वधारला असं समजण्याचं कारण नाही: 1973 मध्ये डॉलरला 3.95 दिरहम होते, 1997 पासून 3.6725 वर बांधलेले आहेत. अकरा पटींचा हा फरक जवळजवळ सगळा रुपयाच्या घसरणीचा आहे.