काठी रोल : कोलकात्याचा पदार्थ आणि साखळी-व्यवसाय

पराठ्यात कबाब गुंडाळून केलेला कोलकात्याचा खाद्यपदार्थ. त्याचे जनकत्व न्यू मार्केटजवळ १९३२ साली सुरू झालेल्या निझाम्स या उपाहारगृहाकडे जाते. १९६० च्या दशकात तेथे कबाबासाठी लोखंडी सळ्यांऐवजी बांबूच्या हलक्या काड्या आल्या. त्याच सुमारास रोल निझाम्सपुरता न राहता शहरभर पसरला. पार्क स्ट्रीटवरील कुसुम रोल्स १९७१ चे. एवढे गिऱ्हाईक असूनही रोलचा नावाजलेला देशव्यापी ब्रँड, फासोस, उभा राहिला तो पुण्यात, जयदीप बर्मन आणि कल्लोल बॅनर्जी या दोन बंगाली मित्रांच्या हातून.

याचे कारण व्यापारी कसबाच्या अभावात शोधणे चुकीचे आहे. फ्रँचायझी विकते ते नाव आणि ठरलेली कृती. शेजारच्याला फुकट मिळणार नाही असे काहीतरी तिच्याजवळ असावे लागते. कोलकात्यात रोल डोळ्यांदेखत होतो: तव्यावर अंडे फुटते, अर्धवट भाजलेला पराठा त्यावर दाबून उलटला जातो, कबाब, कांदा, हिरवी मिरची, लिंबू पडते आणि कागदात घट्ट गुंडाळी होते. लपवण्याजोगे काही नाही. जे आहे ते कारागिराच्या हातात, आणि गाडी टाकायला कोणा ब्रँड-मालकाची परवानगी लागत नाही. मुंबईची फ्रँकी, हाही गुंडाळीचाच पदार्थ, याउलट. टिब्ज या व्यवसायाने १९६९ मध्ये ती आणली, नाव स्वतःकडे राखले, मसाला स्वतःचा ठेवला. म्हणून तिचे ठेले फ्रँचायझीवर वाढू शकले.

यावर आक्षेप असा की वाव! मोमो ही साखळी २००८ मध्ये कोलकात्यातच निघाली आणि मोमोवरही कोणाची मालकी नाही. आक्षेप वजनदार आहे, पण त्याने मूळ मुद्दा ढळत नाही, नेमका होतो. मोमो मध्यवर्ती स्वयंपाकघरात भरून ठेवता येतो, दुकानात फक्त वाफवायचा. पराठ्याचे तसे नाही. तव्यावरून उतरल्यावर थोड्याच वेळात तो चिवट होतो. तेव्हा मालकी नसलेल्या पदार्थाचीही साखळी होते, फक्त कौशल्याचे काम दुकानातून उचलून एका जागी नेता आले पाहिजे. शिवाय फासोसपुढे पुण्यात गल्लोगल्ली रोलवाले उभे नव्हते. कोलकात्यात नव्या ब्रँडला पार्क स्ट्रीटच्या तव्याशीच चव आणि भाव दोन्हींत झुंजावे लागले असते. पुढे फासोसने दुकानांऐवजी केवळ घरपोच पुरवठ्याच्या स्वयंपाकघरांवर भर दिला. त्याची कंपनी आता रिबेल फूड्स म्हणून ओळखली जाते आणि त्याच स्वयंपाकघरांतून बेहरोज बिर्याणीसारखे इतर ब्रँडही चालवते.