पडण्यापूर्वीचे लिस्बन

चित्रातले शहर पुढे उद्ध्वस्त झाले हे एकदा ठाऊक झाले, की त्या चित्राकडे कोऱ्या मनाने पाहता येत नाही. लिस्बनच्या राष्ट्रीय अझुलेजु संग्रहालयाच्या ताब्यातील 'लिस्बनचे महादृश्य' आम्हांला विचारात पाडते ते याच कारणाने.

अझुलेजु म्हणजे झिलईवर रंगवून भाजलेली मातीची फरशी. अशा फरश्यांवरचे हे सुमारे २३ मीटर लांबीचे निळे-पांढरे चित्र इ.स. १७०० च्या आसपासचे आहे. स्पेनमध्ये जन्मलेल्या गाब्रिएल देल बार्को याची ती कृती मानली जाते. पाहणारा जणू टॅगस नदीवर उंच, अधांतरी उभा आहे, आणि पश्चिमेच्या आल्जेसपासून पूर्वेच्या शाब्रेगासपर्यंतचा सुमारे १४ किलोमीटरचा किनारा त्याच्यापुढे एका पट्टीत उलगडतो. प्रत्यक्षात अशी जागा कोठेही नाही. नदीची वळणे सरळ करून चित्रकाराने सारे शहर दरबारात रांगेने उभे करावे तसे उभे केले आहे. मान आहे तो राजवाड्याला, मठांना, चर्चना आणि सरदारांच्या वाड्यांना. ओझी वाहणाऱ्यांचे, आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे लिस्बन हा त्याचा विषय नव्हे. चित्र संग्रहालयाकडे आले तेही एका सरदारी वाड्यातूनच. त्या घरच्या मालकाला भिंतीवर वैभव हवे होते, पुरावा नव्हे.

ते पुरावा झाले १ नोव्हेंबर १७५५ रोजी. सर्व संतांचा सण होता. सकाळच्या प्रार्थनेसाठी चर्च भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्राच्या लाटा नदीतून आत शिरल्या आणि त्यानंतरची आग अनेक दिवस धुमसत राहिली. चित्रात दिमाखाने उभा असलेला नदीकाठचा रिबेइरा राजवाडा नाहीसा झाला. पाँबालच्या अमदानीत त्या भागात सरळ रस्त्यांचे नवे शहर वसले. त्यामुळे जुने लिस्बन कसे होते असे विचारले, की अभ्यासक आज या फरश्यांकडे वळतात.

इथे थोडे सावध राहावे असे आम्हांला वाटते. हे चित्र 'भूकंपापूर्वीच्या' लिस्बनचे आहे हे खरे, पण जे पडले त्या लिस्बनचे ते नव्हे. मधल्या अर्धशतकात शहर पुष्कळ बदलले होते. १७३१ नंतर मोठा जलसेतू उभारला जात होता, आणि राजाचे नवे ऑपेरागृह तर १७५५ च्याच वसंतात उघडले होते. चित्रकाराला विलापचित्र काढायचे नव्हते. विलाप आपण त्यात मागाहून भरला आहे.

या चित्रातल्या एका इमारतीशी आपलाही संबंध आहे. राजवाड्याच्या परिसरातच 'कासा द इंडिया' होती. गोव्याहून येणाऱ्या मिरीमसाल्याचा आणि मालाचा हिशेब तेथे लागे. तिचे दप्तर त्या आपत्तीत नष्ट झाले, आणि त्याबरोबर गोवा, वसई, चौल यांच्याविषयीचे किती कागद गेले याची मोजदाद आता होणार नाही. पण राजाकडून व्हाइसरॉयला आलेली पत्रे आणि त्यांना धाडलेल्या उत्तरांच्या नकला गोव्यात जपलेल्या होत्या. गलबते मोसमी वाऱ्यांवर ये-जा करीत, म्हणून या संग्रहाला 'मान्सूनची पुस्तके' हे नाव पडले. त्यांतले ६२ खंड १७७७ मध्ये लिस्बनला नेण्यात आले. बाकीचे गोव्यातच राहिले. पुढे पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा जो इतिहास उभा केला, तो या गोव्याच्या दप्तराच्या आधारावर.

राजधानीतले मूळ कागद जळाले आणि दूरच्या वसाहतीतल्या नकला उरल्या. राजवाडा पडला आणि कुणाच्या तरी घरातली शोभेची भिंत उरली. उरलेल्या अशा वस्तूंवरूनच आपण इतिहास लिहितो. मात्र त्या उरल्या म्हणून त्याच महत्त्वाच्या होत्या, असा समज होऊ देता कामा नये.