शाखाशोष आणि शालवनांचा क्षय

झाड शेंड्याकडून वाळत येऊन अखेर समूळ मरतें, या रोगास वराहमिहिराचा ‘शाखाशोष’ हा शब्द नेमका लागतो. सहाव्या शतकांतील बृहत्संहितेच्या वृक्षायुर्वेदाध्यायांत थंडी, वारा व ऊन यांनीं होणाऱ्या रोगाचीं चिन्हें दिलीं आहेत: पानें फिकट होणें, पालवी खुंटणें, फांद्या वाळणें व रस गळणें. यावरून आधुनिक वनविद्या आमच्या पोथ्यांत होतीच असें कोणी म्हणतात. पोथ्यांत कांहींच नाहीं असेंही कोणी म्हणतात. दोन्ही पक्ष प्रत्यक्ष उदाहरणावर घासून पाहणें बरें.

पूर्वीच्या मध्यप्रांतांतील मंडला-बालाघाटकडील शालवनांत १९२३ ते १९२८ च्या दरम्यान, व पुनः १९९७-९८ च्या सुमारास, लक्षावधि वृक्ष मेले. कारण एक भुंगेरा. पावसाळ्याच्या आरंभीं तो बाहेर पडतो. त्याच्या अळ्या सालीखालून गाभ्यापर्यंत पोखरतात व बुंध्याशीं भुसा सांचतो. अवर्षणानें क्षीण झालेले, दाटींतले जुने वृक्ष आधीं बळी पडतात. पावसांत पडून राहिलेले ओंडके किडीचें घर होतात.

दाटीविषयीं आचार्याचें मत येथें पटतें. झाडांतील अंतर २० हात उत्तम, १६ मध्यम, १२ कनिष्ठ. एकमेकांस भिडलेलीं, मुळें गुंतलेलीं झाडें पीडित होतात, असें तो सांगतो. मात्र शस्त्रानें शोधन करून वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा आणि दूधपाणी शिंपावें, ही चिकित्सा उपवनाची. अरण्यास ती पुरणार नाहीं. तेथें पावसाळ्यांत थोडे वृक्ष तोडून त्यांचे ओंडके ठेंचून ठेवितात. रसाच्या वासानें आलेले भुंगेरे वेंचून मारितात, आणि पोखरलेलें लांकूड पुढील पावसापूर्वीं वनाबाहेर काढितात.

रसस्रावाविषयीं मात्र सावध असावें. आचार्य त्यास रोगचिन्ह मानतो; परंतु सशक्त शालवृक्ष राळ सोडून अळ्यांस तींतच बुडवितो. राळ गळते एवढ्यावरून कुऱ्हाड चालविली, तर जगूं शकणारेच वृक्ष तुटतील. ग्रंथ व वन दोन्ही वाचल्यावांचून हा भेद कळत नाहीं.

सुरपालाचा वृक्षायुर्वेद ऑक्सफर्ड येथील हस्तलिखितावरून १९९६ मध्यें छापला गेला. संग्राहकांनीं आपल्या वैद्यकाच्या रुमालांत या विषयाचीं पानें दडलीं आहेत काय, हें एकवार पाहावें, अशी आमची विनंती आहे.