आधी मैत्री, मग प्रेम : मराठी हलक्याफुलक्या प्रेमकथेची वाटचाल

बऱ्हाणपुरात प्रेमकथा म्हटली की मुमताजचेच नाव निघते. १६३१ साली तिने इथेच प्राण सोडला. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात सुमारे सहा महिने तिचे दफन होते, मग तिला आग्र्याला नेले. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण मोठ्या अभिमानाने ही गोष्ट सांगतो. गोष्ट थोर आहे खरी, पण तिचा शेवट कबरीपाशी होतो. थट्टामस्करी करत, भांडत-रुसत दोन मित्रांचे प्रेम जमले आणि बघणारे पोट धरून हसले, अशी गोष्ट ऐकायची तर ती आपल्या मराठी नाटक-सिनेमांतच सापडते. आज ती फार सोपी वाटते. पण तिथवर पोहोचायला मराठी समाजाला शंभराहून अधिक वर्षे लागली आहेत.

कारण अगदी साधे आहे. मैत्रीतून प्रेम व्हायचे तर आधी मैत्री व्हायला हवी, आणि मैत्रीसाठी तेवढे वय हवे. आपल्या पणज्यांची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. तिथे मैत्री कुठली आणि प्रेम कुठले! १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांनी 'संगीत शारदा' रंगभूमीवर आणले. पैशासाठी म्हाताऱ्याला दिल्या जाणाऱ्या मुलीची ती कथा. नाटकाने महाराष्ट्र हलवला. पुढे १९२९ साली हरबिलास सारडा यांच्या प्रयत्नाने बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला आणि मुलीचे लग्नाचे किमान वय १४, मुलाचे १८ ठरले. सारडांच्या नावाचा हा कायदा मराठी घरांत 'शारदा कायदा' म्हणूनच ओळखला गेला. निव्वळ योगायोग, पण किती समर्पक! ब्रिटिश हिंदुस्थानभर तो लागू असल्यामुळे तेव्हा मध्य प्रांतात असलेल्या आपल्या निमाड जिल्ह्यालाही लागू झाला. पुढे १९७८ साली ही वये १८ आणि २१ झाली.

त्याच देवलांचे 'संगीत संशयकल्लोळ' आले १९१६ साली. मोलिएरच्या फ्रेंच नाटकाचा इंग्रजीमार्गे मराठीत आलेला हा अवतार. एका तसबिरीवरून उडालेला गोंधळ, संशयी फाल्गुनराव आणि कृत्तिका, आणि अश्विनशेठ-रेवतीचे प्रेम. पात्रांची नावे नक्षत्रांवरून आणि महिन्यांवरून! आजही या नाटकाला प्रेक्षक मनमुराद हसतात. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रेवती ही नायकिणीची मुलगी आहे. त्या काळी घरंदाज मुलगी परक्या पुरुषाशी मोकळेपणी बोलते, रुसते, थट्टा करते, असे रंगमंचावर दाखवणे अवघडच होते. शिवाय ही रेवती साकारत होते बालगंधर्व. प्रेमाचा विनोद रंगवायलासुद्धा स्त्री रंगमंचावर नव्हती, पुरुषानेच शालू नेसायचा.

हे चित्र बदलू लागले १९३३ साली. 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या. एव्हाना मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या आणि ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांतून शिकलेले नायक-नायिका घरोघरी पोहोचले होते. मग १९३८ साली आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून आणि मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनातून 'ब्रह्मचारी' आला. ब्रह्मचर्याची शपथ घेऊन बसलेला औदुंबर आणि त्याची ती शपथ मोडायला निघालेली किशोरी! इथे पुढाकार मुलीचा आहे. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखावरून तेव्हा केवढे वादळ उठले होते, हे आपल्या आजी-आजोबांकडून अनेकांनी ऐकले असेल. अत्र्यांनी टर उडवली ती प्रेमाची नव्हे, प्रेमाला पाप समजणाऱ्या ढोंगाची. पुढे 'ब्रह्मचारी' नाटक म्हणूनही गाजले आणि त्यातून वर्षा उसगावकर पुढे आल्या.

त्यांचा पहिला चित्रपट 'गंमत जंमत', १९८७ सालचा, सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेला. याच्याशी तर आपले शेजारधर्माचे नाते आहे. अरुण पौडवालांच्या संगीतात यातले एक प्रेमगीत किशोरकुमार गायले. इथून साधारण ७० किलोमीटरवरच्या खंडव्याचे किशोरदा! २००३ साली आपला जिल्हा वेगळा झाला, तोवर आपण आणि खंडवा एकाच पूर्व निमाड जिल्ह्यात होतो. निमाडच्या या बंगाली लेकाने मराठी शब्द असे काही खेळवले, की आजही ते गाणे लागले की पाय आपोआप ठेका धरतात. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला ते गेले.

पुढल्याच वर्षी, १९८८ साली, 'अशी ही बनवाबनवी' आला. घरमालकीण फक्त लग्न झालेल्यांनाच जागा देते, म्हणून चार मित्रांपैकी दोघांना साडी नेसावी लागते. बालगंधर्वांच्या काळी पुरुष साडी नेसत तो नाइलाज होता. इथे तीच साडी हसण्याचा विषय झाली. मधल्या सत्तर वर्षांत मराठी स्त्रीने काय मिळवले, ते एवढ्यावरूनच कळते. अश्विनी भावे, निवेदिता जोशी, सुप्रिया, प्रिया या नायिका बरोबरीने चित्रपटात वावरतात, त्यांतली एक तर नायकाची साहेबीण आहे.

आता खऱ्या अर्थाने 'मित्रांचे प्रेम' आले ते या शतकात. सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई'त (२०१०) स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे दिवसभर पुण्यात हिंडतात, मुंबई श्रेष्ठ की पुणे यावर भांडतात, आणि भांडता भांडता त्यांचे जमते. ना खलनायक, ना मारामारी, नुसत्या गप्पा! गंमत अशी, की मुलगी ज्या स्थळाला नकार द्यायला आलेली असते ते स्थळ म्हणजे हाच मुलगा. म्हणजे आईवडिलांनी पाहिलेले स्थळही चांगले असू शकते, फक्त आधी मोकळेपणी बोलता आले पाहिजे.

२०१७ साली राजवाड्यांचाच 'ती सध्या काय करते' आला. लहानपणापासूनचे दोन मित्र. त्याला आपले प्रेम कळते ते उशिरा, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. अभिनय बेर्डे आणि आर्या आंबेकर यांनी तरुणपणीची, अंकुश चौधरी आणि तेजश्री प्रधान यांनी मोठेपणीची जोडी उभी केली. चित्रपट हसवत हसवत हळूच चिमटा काढतो. त्याचे नाव तर बोलीत म्हणीसारखे रुळले. आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत कुणी जुन्या वर्गमैत्रिणीचा विषय काढला, की दुसरा हमखास हेच वाक्य टाकतो.

या साऱ्या वाटचालीतून एक गोष्ट मनावर ठसते. या हलक्याफुलक्या कथा दिसतात तेवढ्या हलक्या नाहीत. त्यांच्यामागे मुलींचे शिक्षण आहे, कायदा आहे, रंगमंचावर पहिले पाऊल टाकणाऱ्या स्त्रियांचे धाडस आहे. आपल्यापैकी बहुतेकांची सोयरीक खानदेश-वऱ्हाडात. पत्रिका, मानपान, याद्या हे सगळे आपण सांभाळतोच, सांभाळावेही. पण घरातली मुलगी 'तो माझा मित्र आहे' असे सांगते, तेव्हा आपल्या भुवया लगेच उंचावतात. तिथे जरा थांबावे. ती आपल्याला हे मोकळेपणी सांगते आहे, हीच मोठी गोष्ट आहे. शारदेला ते जमले नव्हते. आणि जे वेळेवर बोलत नाहीत, त्यांच्या वाट्याला पुढे 'ती सध्या काय करते' एवढाच प्रश्न उरतो.

गणपतीच्या दिवसांत घर भरलेले असते. एखाद्या रात्री आरती-प्रसाद उरकल्यावर आजीपासून नातवापर्यंत सर्वांनी यातला एखादा चित्रपट एकत्र बसून पाहावा. मुलांच्या कानावर चांगली मराठी पडेल, हे तर आहेच. पण एकाच विनोदावर तीन पिढ्या हसल्या, की जे एरवी बोलायला अवघड जाते, तेही बोलणे सोपे होते.