मत्स्यालयातील गोगलगायी

मत्स्यालयातील गोगलगायी म्हणजे गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात मासे व पाणवनस्पती यांच्यासह पाळल्या जाणाऱ्या, किंवा वनस्पतींबरोबर नकळत येऊन तेथे वाढणाऱ्या, मृदुकाय संघातील उदरपाद वर्गाच्या गोगलगायी होत. शेवाळ, कुजलेली पाने व माशांचे उरलेले खाद्य खाऊन त्या उपयोगी पडतात. मात्र अन्न मुबलक असल्यास काही जातींची संख्या फार वेगाने वाढते. त्यामुळे जातीची योग्य निवड, पाण्याची गुणवत्ता व टाकीत पडणाऱ्या अन्नाचे प्रमाण या तीन गोष्टींना त्यांच्या व्यवस्थापनात महत्त्व आहे.

इतिहास

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये काचेच्या टाकीत गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून प्रयोग सुरू केला. वनस्पतीपासून माशांना प्राणवायू मिळत होता. परंतु तिची जुनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. टाकीत तळ्यातील गोगलगायी सोडल्यावर त्यांनी कुजलेली पाने खाऊन टाकली व पाणी पुन्हा निर्मळ झाले. गोगलगायींची अंडी व पिले माशांना खाद्य म्हणून मिळाली. वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये हे निष्कर्ष केमिकल सोसायटीपुढे मांडले. संतुलित मत्स्यालयाच्या कल्पनेत गोगलगायींना अशा रीतीने प्रारंभापासून स्थान आहे.

शरीररचना

गोगलगायीचे मऊ शरीर कॅल्शियम कार्बोनेटच्या शंखात असते. रॅड्युला या सूक्ष्म दातांच्या पट्टीने ती कानशीप्रमाणे अन्न खरवडते. काही जातींत शंखाचे तोंड बंद करणारे झाकण असते. पोमासिया प्रजातीच्या गोगलगायींना कल्ला व फुप्फुस दोन्ही असतात आणि त्या नळीसारखा अवयव पृष्ठभागावर आणून हवा घेतात. भारतातील प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकविली जाणारी पायला ही त्यांच्याच कुलातील आहे.

प्रमुख जाती

• पोमासिया डिफ्यूझा (मिस्टरी स्नेल): मूळची दक्षिण अमेरिकेतील. पिवळा, निळसर, जांभळट अशा रंगांत मिळते. नर व मादी वेगळे असतात. मादी पाण्याच्या पातळीच्या वर काचेवर अंड्यांचा पुंजका घालते. ही जाती निरोगी पाणवनस्पती सहसा खात नाही.
• नेराइट: काचेवरील शेवाळ उत्तम रीतीने खाते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जातींच्या अळ्यांना वाढीसाठी मचूळ किंवा खारे पाणी लागते, त्यामुळे गोड्या पाण्यात त्यांची संख्या वाढत नाही. काच व दगडांवर त्यांच्या अंड्यांचे टणक पांढरे ठिपके मात्र राहतात.
• रॅम्सहॉर्न: चकलीसारखा चपटा, वेटोळा शंख. रक्तात हिमोग्लोबिन असते. प्रत्येक प्राणी उभयलिंगी असतो.
• फायसेला अक्युटा (ब्लॅडर स्नेल): मूळची उत्तर अमेरिकेतील, आता भारतासह अनेक देशांत पसरलेली. शंखाचे टोक वर व तोंड आपल्याकडे धरल्यास तोंड डावीकडे दिसते. ही उभयलिंगी असून स्वफलनही करू शकते.
• मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा (ट्रम्पेट स्नेल): आफ्रिका व दक्षिण आशिया येथील. लांबट, शंकूसारखा शंख. दिवसा वाळूत पुरून राहते व वाळू हलती ठेवते. नराशिवाय प्रजनन करून थेट पिलांना जन्म देते.
• असॅसिन स्नेल: आग्नेय आशियातील मांसाहारी जाती. इतर गोगलगायींना खाते.

पाणी व शंखाचे आरोग्य

बहुतेक जातींना २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान व ७ ते ८ सामू मानवतो. सामू ७ च्या खाली गेल्यास शंख झिजू लागतो. त्यावर पांढरे चट्टे, खळगे व भोके दिसतात. झिजलेला जुना भाग पूर्ववत होत नाही, पण पाणी सुधारल्यास नवी वाढ मजबूत होते. विंधन विहिरीच्या दुष्फेन पाण्यात पुरेसे कॅल्शियम असण्याची शक्यता अधिक असते. सुफेन पाण्याच्या टाकीत समुद्रफेन, शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे खडे ठेवतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी काढून टाकावा लागतो.

तांबे गोगलगायींना अत्यंत विषारी असते. माशांच्या परजीवींवरील अनेक औषधांत तांब्याचे क्षार असल्याने अशा उपचारापूर्वी गोगलगायी दुसऱ्या टाकीत हलवणे आवश्यक ठरते. मेलेली गोगलगाय लवकर कुजून पाण्यातील अमोनिया वाढवते, म्हणून ती त्वरित काढतात. बराच काळ निश्चल असलेली गोगलगाय मृत असेलच असे नाही. तीव्र दुर्गंधी हे मृत्यूचे खात्रीलायक लक्षण होय.

आहार

केवळ शेवाळावर मोठ्या गोगलगायींचे भागत नाही. पाळलेल्या मिस्टरी स्नेलला वाफवलेला पालक, काकडी, दोडका अशा भाज्या व तळाशी बसणाऱ्या खाद्याच्या गोळ्या देतात. न खाल्लेला भाग दुसऱ्या दिवशी काढून टाकतात. गोगलगायी टाकी ‘साफ’ करतात हा समज अपुरा आहे. त्या शेवाळ व उष्टे खातात, पण त्यांची विष्ठा टाकीतच राहते. त्यामुळे पाणी बदलण्याची गरज टळत नाही.

संख्यानियंत्रण

रॅम्सहॉर्न, ब्लॅडर व ट्रम्पेट स्नेल यांची संख्या उपलब्ध अन्नानुसार ठरते. त्यांची एकाएकी झालेली वाढ हे बहुधा माशांना अति खाद्य दिले जात असल्याचे लक्षण असते. खाद्य कमी करणे, तळाचा गाळ नळीने ओढून काढणे आणि कुजकी पाने वेचणे हा मूळ उपाय होय. रात्री टाकीत काकडीची फोड ठेवून सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायी काढता येतात. मिस्टरी स्नेलच्या अंड्यांचे पुंजके उबण्यापूर्वी खरवडून काढले जातात. नव्या वनस्पती तुरटीच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन व काही दिवस वेगळ्या ठेवून मगच टाकीत लावल्या जातात.

लोच जातीचे मासे किंवा असॅसिन स्नेल हे जैविक उपाय आहेत. मात्र ते पाळलेल्या गोगलगायींनाही सोडत नाहीत. विषारी रसायनांमुळे असंख्य गोगलगायी एकाच वेळी मरून अमोनिया वाढतो व मासेही दगावू शकतात. शिवाय अतिरिक्त अन्न तसेच राहिल्यास उरलेल्या अंड्यांतून संख्या पुन्हा वाढते.

आरोग्य व पर्यावरण

गोड्या पाण्यातील काही गोगलगायी परजीवी कृमींच्या मध्यस्थ यजमान असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे १९५२ मध्ये मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमिआसिसचे रुग्ण नोंदवले गेले व त्यात फेरिसिया टेन्युइस ही लहान गोगलगाय मध्यस्थ असल्याचे मांडण्यात आले. ओढे-तळ्यांतून आणलेल्या गोगलगायी थेट टाकीत न सोडणे व टाकीत काम केल्यावर हात साबणाने धुणे हे त्यामुळे इष्ट असते.

नको असलेल्या गोगलगायी नदी, विहीर, तलाव किंवा गटारात सोडणे धोकादायक आहे. मिस्टरी स्नेलची जवळची नातलग पोमासिया कॅनालिक्युलाटा ही दक्षिण अमेरिकेतून १९८० च्या सुमारास खाद्य म्हणून तैवानमध्ये आणली गेली. तेथून ती पूर्व व आग्नेय आशियात पसरून भातपिकाची गंभीर कीड बनली. स्पेनमधील एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात पोमासिया पसरल्यानंतर युरोपीय संघाने २०१२ मध्ये या संपूर्ण प्रजातीची आयात व प्रसार यांवर बंदी घातली. अतिरिक्त गोगलगायी दुसऱ्या पाळणाऱ्यास देणे, अथवा गोठवून मारून कचऱ्यात टाकणे, हे त्यामानाने सुरक्षित मार्ग मानले जातात. टाकीतील बदललेले पाणी जलस्रोतात न ओतता कुंड्यांना घातल्यास त्यातील अंडी व पिले बाहेरच्या पाण्यात पोहोचत नाहीत.