त्रियुग पद्धती

प्रागितिहासाची पाषाण, ब्राँझ व लोह अशा तीन युगांत केलेली विभागणी. माणसाने आधी दगड, मग ब्राँझ व शेवटी लोखंड वापरले, हा तर्क रोमन कवी लुक्रीशियसने इ. स. पू. पहिल्या शतकातच मांडला होता. त्याला वस्तूंचा भक्कम आधार मिळाला तो कोपनहेगनमध्ये. तेथील पुरावस्तू आयोगाचे चिटणीसपद १८१६ मध्ये क्रिस्तियान थॉमसन (१७८८–१८६५) याच्याकडे आले. व्यापारी घराण्यातला हा नाणेसंग्राहक. नाण्यांच्या घडणीवरून काळ ओळखण्याची त्याची नजर येथे कामी आली.

केवळ धातू पाहून वर्गवारी करणे फसवे होते, कारण लोहयुगातही ब्राँझचे दागिने घडतच होते. म्हणून एकाच थडग्यात किंवा एकाच ठेव्यात कोणत्या वस्तू एकत्र सापडतात, त्यांचा आकार व नक्षी कशी आहे, हे थॉमसनने बारकाईने ताडून पाहिले. त्याचे खरे मोठेपण या निरीक्षणात आहे. १८३६ मध्ये त्याने ही मांडणी प्रसिद्ध केली. पुढे डॅनिश पुरातत्त्वज्ञ वोरसॉ याने उत्खननांतून तिला पुष्टी दिली, तर इंग्रज विद्वान जॉन लबकने १८६५ मध्ये पाषाणयुगाचे पुराणाश्म व नवाश्म असे दोन भाग केले.

हा क्रम सर्वत्र लागू पडत नाही. सहारापलीकडील बहुतेक आफ्रिकेत ब्राँझयुग आलेच नाही. महाराष्ट्रात जोर्वे, इनामगाव येथे तांब्याबरोबर दगडी हत्यारेही वापरात होती. त्या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात.