अदृष्टाचे उत्तरदायित्व : निर्मिती-क्षेत्र आणि ॲक्सिऑन

१९१८ साली बनारसला स्थापन झालेली गणितज्ञांची संस्था पुढे 'भारत गणित परिषद' या नावाने लखनौला स्थिरावली. बनारसच्या गणिती परिसरात जयंत नारळीकर (१९३८-२०२५) वाढले. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. तेथूनच पदवी घेऊन १९५७ मध्ये जयंतराव केंब्रिजला गेले. मराठी वाचक त्यांना कथाकार म्हणून ओळखतो. तथापि, कथालेखनापूर्वीच त्यांची कल्पकता एका अदृष्ट क्षेत्राच्या मांडणीत प्रकटली होती.

प्रसरणशील विश्वाची घनता स्थिर राहायची, तर द्रव्य सतत निर्माण झाले पाहिजे. त्यासाठी फ्रेड हॉईल यांनी १९४८ मध्ये सुचविलेल्या निर्मिती-क्षेत्राला हॉईल-नारळीकरांनी साठच्या दशकाच्या पूर्वार्धात काटेकोर गणिती रूप दिले. हे क्षेत्र वस्तुमानरहित असून त्याची ऊर्जा ऋण आहे. कणाचा जन्म वा अंत होतो तेथेच ते द्रव्याशी संबंध जोडते. एरवी ते अलिप्त राहते. त्याच्या ऋण ऊर्जेमुळे नव्या द्रव्याचा हिशेब जुळतो आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अबाधित राहतो.

१९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारण सापडले आणि बहुसंख्य अभ्यासकांनी स्थिर-स्थिती विश्वाची कल्पना सोडली. हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती मांडली. तीही सर्वमान्य झाली नाही.

या इतिहासाशी ॲक्सिऑनचा इतिहास ताडून पाहण्यासारखा आहे. पेच्चाई आणि क्विन यांच्या १९७७ च्या विचारातून वाइनबर्ग व विल्चेक यांनी १९७८ मध्ये या अतिशय हलक्या कणाचे भाकीत केले. एक प्रश्न 'धुऊन' काढणाऱ्या या कणाला विल्चेक यांनी कपडे धुण्याच्या एका पावडरीचे नाव दिले. मूळ रूपातील ॲक्सिऑन प्रयोगांनी लवकरच नाकारला. त्यानंतर द्रव्याशी आणखी क्षीण संबंध असणारा 'अदृश्य' ॲक्सिऑन मांडण्यात आला. त्याचा शोध आजही चालू आहे.

दोन्ही ठिकाणी प्रतिकूल पुराव्यानंतर संहितेचे पुनर्लेखन झाले. हे पुनर्लेखन प्रामाणिक केव्हा ठरते? नवे रूपही कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरेल, हे ते सांगते तेव्हा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठविली, आणि ती कर्त्याच्या कीर्तीविना पुरस्कारास पात्र ठरली. सिद्धान्तालाही कर्त्याची कीर्ती वाचवीत नाही. मात्र कथेतील अदृष्टाला वाचकाची संमती पुरते, सिद्धान्तातील अदृष्टाला ती पुरत नाही. विज्ञानकथेच्या समीक्षेने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.